पोटातल्या पोटात

चोविसाव्या आठवड्यात डॉक्टरांनी ग्लुकोजची चाचणी करून घ्यायला सांगितलं. ७५ ग्रॅम ग्लुकोज ग्लासभर पाण्यात ढवळायचं, पाच मिनिटांत संपवायचं आणि दोन तास बाकावर बसून राहायचं. दुसऱ्या घोटालाच नको वाटावं इतकं ते पाणी गोड असतं. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला: १६८. त्याच्या शेजारी कंसात मर्यादा छापलेली होती, १४०. म्हणजे गरोदरपणातला मधुमेह.

लॅबमधली मुलगी दुसऱ्या दिवशी परत रक्त घेताना म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही तर किती बारीक आहात!" सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आंबे जास्त झाले असतील गं मे महिन्यात." ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "दिवसभर खुर्चीत बसून काम, दुसरं काय होणार." सगळ्यांनी मायेनंच विचारलं होतं. पण त्या आठवड्यात मी रात्री अंथरुणावर पडून नुसती यादी करत राहायचे. आंबे किती खाल्ले, चहात साखर किती, लिफ्टनं किती वेळा गेले. उंची पाच फूट एक इंच, गरोदरपणाआधीचं वजन ४७ किलो, वय ३१. आणि शुगर. आपण काहीतरी चुकीचं केलं आणि त्याची शिक्षा बाळाला होणार, ही भावना इतकी घट्ट बसली होती की पोटात बाळ हललं तरी आधी अपराधी वाटायचं.

झोप येत नव्हती, म्हणून वाचायला लागले. पहिल्यांदा एक फोटो समोर आला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी स्वतःचाच फोटो छापला होता. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा: २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोन्ही माणसं सारखीच, पण कातडीच्या आत दोन निराळी शरीरं. लॅबमधल्या त्या मुलीच्या "तुम्ही तर किती बारीक" या वाक्याला इथे पहिलं उत्तर मिळालं. मी बारीक होते ती हाडापेरानं. माझ्या दंडात, मांडीत स्नायू किती होते, हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

याज्ञिक तिथे थांबले नाहीत. हा फरक कधीपासून सुरू होतो, हा त्यांचा खरा प्रश्न होता. त्यासाठी १९९३ पासून त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. गर्भ राहायच्या आधीपासून बायकांची नोंद ठेवली. त्या काय खातात, किती राबतात, किती वजनाच्या आहेत, सगळं लिहून घेतलं आणि बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत त्याचं मोजमाप केलं. आयांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. बाळांचं सुमारे २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी चिमट्यानं मोजली तर आपली बाळं तिथे फारशी मागे नव्हती. मागे होती ती स्नायूंत, पोटातल्या अवयवांत. अशा बाळाला त्यांनी नाव दिलं 'थिन-फॅट बेबी'. दिसायला बारीक, आतून जाड.

मी १९९४ ची. म्हणजे त्या गावांत जी बाळं तराजूत ठेवली जात होती, त्यांच्याच वयाची. मी जन्मले करमाळ्याकडच्या एका गावात. तिथे कोणी चिमटा घेऊन आलं नाही, एवढाच फरक. म्हणून त्या मुलांचं पुढे काय झालं ते मी धडधडत्या छातीनं वाचलं. ती अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांना ग्लुकोज पाजून तपासलं. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर नेहमीपेक्षा वर होती, बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि त्या सगळ्या मुलामुलींतली जवळजवळ निम्मी त्या वयात प्रमाणापेक्षा कमी वजनाची होती. खेड्यातली, सायकलवर शाळेत जाणारी, हडकुळी पोरं. त्यांनी कुठले पिझ्झे खाल्ले होते?

यामागचं शास्त्र समजायला मला दोन-तीन रात्री लागल्या. पोटातल्या बाळाला अन्न कमी पडलं की ते काटकसर करतं. मेंदूला पहिलं ताट वाढलं जातं. हात, पाय, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांना उरलंसुरलं. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी बहुतांशी पोटात असताना आणि अगदी लहानपणीच तयार होतात. तिथे कमी पडल्या की पुढे भरपाई अवघड. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात, आणि स्नायूच कमी असतील तर ती साखर घ्यायला घर कुठे आहे? त्यात गरोदरपण आलं की वारेतून येणारे हार्मोन्स इन्सुलिनला विरोध करतात, कारण बाळाला साखर पोचवायची असते. मग स्वादुपिंडाला दीडपट-दुप्पट राबावं लागतं. माझं स्वादुपिंड नेमकं त्या चढावर थकलं. ते आंब्यांनी थकलं असेल, हे मला तेव्हापासून पटेनासं झालं.

'जीवनशैलीचा आजार' हा शब्द मला तेव्हापासून टोचतो. २०२३ साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीचे आकडे आले: देशात १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह, आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. इतक्या कोटी माणसांनी एकदमच जिभेवरचा ताबा सोडला का? बैठं काम आहे, तळलेलं आहे, साखरेची थंड पेयं आहेत, सगळं खरं आहे, आणि त्यातलं जे माझ्या हातात आहे ते मी बदलायलाच हवं. पण 'शैली' म्हटलं की ती निवडलेली असते असं वाटतं. पोटात असताना कोण काय निवडतं?

दरम्यान आई आजीला घेऊन पुण्याला आली. आजी आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गळ्यात तुळशीची माळ, पाठ ताठ, चष्म्याशिवाय सुई ओवते. आईला त्रेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली, मामाला त्याच्याही आधी. आजीला नाही. मी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेताना ती शेजारी बसून बघायची. दिवसातून चार वेळा. एकदा म्हणाली, "तुझ्या आयला हाय, तुला झालं, आन् मला म्हातारीला कसं न्हाई गं?" तिच्या आवाजात कुतूहल नव्हतं. आपल्या वाटचं दुखणं लेकीच्या ताटात पडलं, असं काहीतरी तिला वाटत होतं.

मी तिला विचारलं, आईच्या वेळी तू काय खायचीस?

आई १९७३ च्या श्रावणातली. म्हणजे आजीला दिवस गेले ते १९७२ च्या दुष्काळात. ते साल ज्यांनी पाहिलं त्यांना 'बहात्तरचा' एवढं म्हटलं की पुरतं. लागोपाठ पाऊस गेला होता. विहिरींच्या तळाला चिखल. सरकारनं दुष्काळी कामं काढली होती: खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यांतली एक माझी आजी, बाविशीची, पोटात सहा महिन्यांची माझी आई, आणि बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत दोन वर्षांचा मामा.

"मिलो मिळायचा रेशनला. तांबडी जवारी, अमेरिकेची. भाकर थापावी तर चिरा पडायच्या, आन् वास! सुकडी द्यायचे कामावर. ती मी लेकराला चारायची." मग तू काय खायचीस, असं मी परत विचारलं. "हेच की. उरलंसुरलं. भुकंला पानी." दूध नव्हतं का? "म्हस कवाच इकली व्हती. आन् आदी व्हती तवाबी दूध कुठं खानार, ते घालायचं."

खडी मोजून घ्यायचे. लाकडी चौकट भरली पाहिजे, तरच हजेरी. खाण फोडायला सुरुंग लावायचे. मुकादम शिट्टी मारायचा, की सगळ्या बायका पोरांना घेऊन पळायच्या. "पोटुशी बाय कशी पळनार? मी बांधाच्या आडाला बसायची. दोन्ही हात पोटावर धरायची आन् डोळं मिटायची."

पुण्याच्या त्या सहा गावांच्या अभ्यासात एक निष्कर्ष आहे जो मला आजीला वाचून दाखवावासा वाटला, पण धीर झाला नाही. गरोदर बाई जितकी जास्त राबते, पाणी वाहते, शेतात काम करते, तितकं बाळ लहान निघतं. आणि दुसरा: ज्या आयांच्या पोटात हिरवी पालेभाजी, फळं, दूध जास्त गेलं त्यांची बाळं मोठी निघाली. मेथी, पेरू आणि वाटीभर दूध, एवढाच फरक. १९७३ च्या माळावर हिरवं पान कुठून येणार होतं?

इथपर्यंत मी समजत होते की ही गोष्ट आजी आणि आईची आहे. भुकेली आजी, तिच्या पोटातली आई, आईला शुगर. मी त्यानंतरची. मग एका रात्री शाळेत शिकलेली आणि विसरलेली गोष्ट पुन्हा समोर आली. बाईच्या अंगातली सगळी स्त्रीबीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमारास गर्भातल्या मुलीच्या अंडाशयात साठ-सत्तर लाख बीजं असतात. नंतर ती कमीच होत जातात, नवी होत नाहीत. म्हणजे ज्या एका बीजापासून पुढे मी झाले, ते मे १९७३ मध्ये आईच्या अंगात तयार होतं. आई आजीच्या पोटात होती. आजी माळावर हातोडा घेऊन बसली होती.

मी बराच वेळ अंधारात बसून राहिले. नवऱ्याला उठवून सांगावं असं वाटलं, पण सांगायला शब्द नव्हते.

माझ्या एकटीच्या १६८ चं कारण तो दुष्काळ आहे, असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही. एका माणसाच्या बाबतीत असा हिशेब लागत नसतो. पण हजारो माणसांच्या बाबतीत तो लागलेला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न अडवलं तेव्हा नेदरलँड्समधल्या शहरांत माणसं दिवसाला हजारापेक्षाही कमी कॅलरींवर जगली. तेव्हा जी पोटात होती, त्यांना पन्नाशीत तपासलं तर त्यांची साखर इतरांपेक्षा जास्त सापडली. त्याआधी डॉ. डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडच्या हर्टफर्डशरमधल्या सुईणींच्या आणि आरोग्यसेविकांच्या जुन्या वह्या शोधल्या. त्यांत १९११ पासून बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं वजन नेमानं लिहिलेलं होतं. सर्वांत कमी वजनाची मुलं पुढे हृदयविकारानं जास्त दगावली, हे त्यांनी १९८९ साली दाखवलं. कुठल्यातरी बाईनं बाळ ताजव्यात ठेवून शाईनं आकडा लिहिला, आणि सत्तर वर्षांनी त्या आकड्याचा अर्थ लागला. मला या वह्यांबद्दल फार आदर वाटतो. आमच्या गावात माझं वजन कोणी लिहिलं असतं तर!

आणि उंदरांचा एक प्रयोग. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी ५० पिढ्या उंदरांना अर्धपोटी ठेवलं. मग त्यांच्या पिल्लांना दोन पिढ्या पोटभर खायला घातलं. अपेक्षा अशी की आता सगळं सुरळीत होईल. झालं नाही. पोटभर खाऊन ते उंदीर लठ्ठ होत गेले आणि मधुमेहाकडे झुकत गेले. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. वाचून अंगावर काटा आला. आजीला शुगर का नाही, याचं उत्तरही मला इथे दिसलं. ती भुकेसाठी घडली आणि भुकेतच, कष्टातच जगली. शरीर आणि जगणं यांचा मेळ होता. आईच्या वाट्याला भुकेसाठी घडलेलं शरीर आलं आणि त्यानंतर तालुक्याचं गाव, गॅस, मिक्सर, रेशनचा तांदूळ. माझ्या वाट्याला तेच शरीर आलं आणि हिंजवडीतली खुर्ची.

एक गोष्ट मात्र माझ्या मनाला लागून राहिली आहे. पहिल्या महिन्यापासून मला फॉलिक ॲसिडची गोळी चालू होती. ती हवीच, बाळाच्या मणक्यासाठी ती लागते. पण बी-१२ हे जीवनसत्त्व कोणी तपासलं नव्हतं. आमचं घर माळकरी, मांस-मासे-अंडी नाहीत, आणि बी-१२ तर फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या अन्नात असतं. म्हणजे आमच्यासाठी दूध, जे तीन पिढ्या डेअरीला घातलं. सहा गावांतल्या अभ्यासात दोन तृतीयांश आयांचं बी-१२ कमी होतं. आणि ज्या आयांचं बी-१२ कमी पण फॉलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच, भरपूर, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. हे २००८ पासून छापलेलं आहे, तेही आपल्याच पुण्याच्या रक्तावरून. मी स्वतः मागून तपासून घेतलं तेव्हा माझंही कमीच निघालं, १४२. शाकाहारी घरातल्या प्रत्येक गरोदर बाईचं बी-१२ पहिल्या भेटीतच तपासलं गेलं पाहिजे. यात मला कुठलीही शंका नाही.

खरं तर पहिल्या भेटीलाही उशीर झालेला असतो. याज्ञिकांच्या गटानं हे ओळखलं. १९९३ नंतर ज्यांची वजनं केली होती ती बाळं वयात आली तेव्हा, २०१२ पासून, त्यांनी त्याच मुलामुलींना बी-१२ च्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. लग्न व्हायच्या आधी, दिवस जायच्या आधी. पुढे त्या मुली आई झाल्या, तेव्हा त्यांच्या बाळांच्या नाळेच्या रक्तात बी-१२ जास्त होतं. बाळ येण्याआधी आईची काळजी, आणि आईआधी मुलीची. इतक्या वर्षांच्या मोजमापातून ही माणसं शेवटी एका वयात आलेल्या मुलीच्या ताटापाशी येऊन थांबली, हे मला फार मोठं वाटतं.

चांगली बातमी उलट बाजूनंही आली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९५३ पर्यंत साखरेवर रेशन होतं. ते उठण्याच्या थोडं आधी आणि थोडं नंतर जन्मलेल्यांची तुलना २०२४ साली 'सायन्स'मध्ये आली. पोटात असताना आणि पहिल्या दोनेक वर्षांत ज्यांच्या वाट्याला साखर कमी आली, त्यांना उतारवयात मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी होता. तिथे कोणी उपाशी नव्हतं, फक्त साखर मोजून मिळत होती. भूक आणि मोजून खाणं यांतला हा फरक मी सासूबाईंना समजावून सांगितला. त्यांनी तो लगेच उचलला. पहिल्या आठवड्यात चहातली साखर गेली, दुसऱ्या आठवड्यात भात अर्ध्यावर आला आणि मटकीची उसळ दुप्पट झाली.

आता जेवण झालं की मी वीस मिनिटं चालते. चालताना मांडीचे, पोटरीचे स्नायू आखडतात-सुटतात, तेव्हा ते इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर उचलतात. हे मी वाचलं होतं, पण मीटरवर बघितल्यावर विश्वास बसला. त्याच ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि मेथीची भाजी: बसून राहिले तर दोन तासांनी १३८, चालून आले तर ११४. आजी माझ्याबरोबर येते. सोसायटीच्या पार्किंगला आम्ही फेऱ्या मारतो आणि तिसऱ्या फेरीला मला तिच्या मागे राहावं लागतं. बाळंतपणानंतर साखर बहुतेक खाली येईल, डॉक्टरांनी सांगितलंय, पण अशा बायकांना पुढे मधुमेह व्हायची शक्यता सुमारे सात पट असते. म्हणजे या फेऱ्या मला जन्मभर मारायच्या आहेत. बाळाला बोट धरून चालता आलं की तिघींनी किंवा तिघांनी.

श्रावणात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी. शेवटी दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी, जी उघडेल तसं बाळ. मी उघडली ती बर्फीची. बायकांनी एकच गलका केला, "मुलगी, मुलगी!" मी बर्फीचा कण जिभेवर ठेवला आणि वाटी आजीला दिली.

रात्री पाहुणे गेल्यावर ती माझ्या शेजारी येऊन टेकली. मी दोन तासांचा गजर लावून बसले होते. तेव्हा मी तिला सांगितलं. हे जर खरंच लेकरू मुलगी असेल, तर तिच्या पोटात तिची बीजं आताच तयार आहेत. तुझ्या नातीच्या लेकीची लेकरं. आणि आई तुझ्या पोटात होती तेव्हा, खडीवर, तेव्हा मीसुद्धा एवढीशी तिच्यात होते.

आजीनं माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, जी स्वयंपाकघरात उरलेली पुरी-भाजी डब्यात भरत होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिनं हात माझ्या पोटावर ठेवला, दोन्ही हात, बोटं पसरून.

"मंजी तूबी व्हतीस म्हन की तिथं," ती म्हणाली. "सुरुंगाला भ्याली न्हाईस न्हवं?"